पाला जाळायचा नाही

शाळेत रुजू झाले त्याच दिवशी सरांनी माझ्यावर चोरीचा आळ घेतला.

मी आपली नगरची, नवी साडी नेसून, जामखेडच्या स्टँडवरून वडापच्या जीपमध्ये अंग चोरून बसून कशीबशी गावात पोचलेली. स्टाफरूमच्या दारात हा पाचोळा! शिपाईमामा वयस्कर, त्यांना काय सांगायचं म्हणून मीच खराटा घेतला, दार झाडलं आणि पाला घमेल्यात भरून कुंपणापलीकडे टाकून आले. हात धुतेय न धुतेय तोच एक उंच, काळाकुळीत माणूस दारात उभा. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट, डोळे तांबडे.

"माझा पाला कुनी नेला?"

"मी टाकला," मी म्हटलं. "कचरा होता."

"कचरा?" त्यांनी तो शब्द असा उच्चारला, जणू मी त्यांच्या घरच्या माणसाला शिवी दिलीय. "बाई, पान झाडाचं हाय. तुमी कुनाला इचारून उचललं? ह्याला आमच्याकडं चोरी म्हनत्यात."

आणि एवढा थोरला माणूस कुंपणावरून उडी मारून पलीकडे गेला, उकिडवा बसला आणि एकेक पान वेचून घमेल्यात भरायला लागला. मुलं खिडकीतून बघत होती, पण एकही हसत नव्हतं. त्यांना सवय होती. संध्याकाळी मी आईला फोन केला, "आई, इथं एक येडा माणूस आहे." आई म्हणाली, "एकच आहे ना? मग नोकरी सोडू नको."

ते आमचे पी.टी.चे सर. गाव त्यांना पाचोळा सर म्हणायचं, तोंडावरसुद्धा. शाळेच्या फाटकापासून एसटीच्या थांब्यापर्यंतच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी करंज होते, ते सगळे सरांनी लावलेले. सर नोकरीला लागले तेव्हा त्या रस्त्यावर सावलीला एक बाभळ होती म्हणे, आणि तिच्याखाली मुख्याध्यापकांची मोटरसायकल उभी असायची. करंजच का, असं मी एकदा विचारलं. "शेळी तोंड लावत न्हाई," सर म्हणाले. "आमच्या गावात टिकायचं तर आदी कडू व्हाया लागतं."

पण चैत्रात तो रस्ता बघावा! जुनी पानं गळून जायची आणि आठवड्याभरात सगळी रांग पोपटी व्हायची. इतकी कोवळी, लकाकणारी पालवी की डोळे निवायचे. मग फिकट जांभळी फुलं यायची आणि रस्त्यावर त्यांचा सडा पडायचा. लग्नाची वऱ्हाडं मुद्दाम तिथं थांबून फोटो काढायची. भोवताली सगळं रखरखीत माळरान आणि मधे ही एवढी हिरवी पट्टी. कुणी नवखा आला की गावातली माणसं त्याला देवळाच्या आधी करंज दाखवायची.

ती झाडं जगली ती पाल्यावर. सरांचं सगळं तत्त्वज्ञान दोन शब्दांचं होतं: झाडाचं झाडाला. प्रत्येक खोडाभोवती दगडांचं आळं आणि आळ्यात गुडघाभर पाला. वैशाखात, डांबर वितळत असताना, सर एखाद्या पाहुण्याचा हात धरून त्या पाल्यात कोपरापर्यंत खुपसायचे. आत गारवा असायचा. पाहुण्याचं तोंड बघून सर खूश व्हायचे. टँकरच्या वर्षी गावातली अंगणं खराट्यानं लख्ख झाडलेली होती, आणि त्या अंगणांतली चिंच, लिंब, सगळं वाळून गेलं. शाळेचे करंज राहिले. त्या वर्षानंतर सरांना कुणी हसलं नाही, आणि त्यामुळे त्यांचा तऱ्हेवाईकपणा आणखी वाढला.

किती सांगावं! शाळेत उशिरा आलेल्या मुलाला छडी नाही, उठाबशा नाहीत. रस्त्यावर उडालेला पाला गोळा करून ज्या त्या झाडाला परत द्यायचा. ज्या त्या म्हणजे ज्या त्याच. "ह्या झाडाचं पान त्या झाडाला टाकलं तर चालंल का सर?" असं एका मुलीनं विचारलं, तर सर म्हणाले, "तुझा डबा तिला दिला तर चालंल का?" थांब्यावरच्या चहावाल्यानं एकदा थंडीत पाल्याची शेकोटी पेटवली. सरांनी त्याच्या चहाच्या पातेल्यातला उकळता चहा आगीवर ओतला आणि पातेलं त्याच्या हातात दिलं. चहावाला पुढं दोन महिने सरांशी बोलत नव्हता, आणि सर मात्र रोज त्याच्याकडेच चहा पीत होते. स्वतः ते कधी करंजाखाली बसले नाहीत. भर उन्हात बाजूला उभे राहायचे. "सावली पोरांची हाय," म्हणायचे. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, मला एकदा म्हणाल्या, "ह्यांच्या खिशातनं मी लगीन झाल्यापासनं पानंच काढतीया. एकदा बी गजरा निघाला न्हाई." म्हणाल्या आणि हसल्या, पण मला ते हसणं काही खरं वाटलं नाही.

परिपाठाला प्रतिज्ञा संपली की सर शिट्टी मारायचे आणि सगळी शाळा एका सुरात ओरडायची, "पाला जाळायचा नाही!" एकदा तपासणीला आलेले साहेब दचकून मुख्याध्यापकांना विचारते झाले, हे काय? मुख्याध्यापक बिचारे घाम पुसत म्हणाले, "पर्यावरण."

आणि दहावीचा निरोप समारंभ! इतर शाळांत पेन देतात, गुलाब देतात. आमच्याकडे प्रत्येक मुलाला करंजाचं एक रोप आणि त्या रस्त्यावरच्या पाल्याची एक गोणी. रोप दारात लावायचं आणि पाला त्याच्या पायाशी. जरीच्या साड्या नेसून, केसांत गजरे माळून आलेल्या मुली डोक्यावर गोण्या घेऊन घरी निघायच्या, मोबाईलवर फोटो काढत. मी पहिल्या वर्षी कपाळावर हात मारून घेतला होता. पण कुणाचीही गोणी वाटेत पडलेली मी कधी पाहिली नाही. पुढं आईबाप झालेली पोरं दर उन्हाळ्यात शाळेत येऊन आणखी पाला मागून न्यायची. सर द्यायचे. ही एकच चोरी त्यांना चालायची. गावात असं अंगण राहिलं नव्हतं की जिथं करंज नाही आणि करंजाखाली पाला नाही.

मग पानं पांढरी पडायला लागली.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. कोवळ्या पानावर चंदेरी डाग, भाजल्यावर फोड यावा तसा फुगलेला. मग तो डाग तपकिरी व्हायचा, पान आक्रसायचं. पहिल्या वर्षी चार फांद्यांवर होतं. पुढच्या वर्षी श्रावणात, जेव्हा सगळं रान हिरवं असतं तेव्हा, आमची रांग कुणीतरी उकळतं पाणी शिंपडल्यासारखी दिसत होती. गावात ज्याला जे सुचेल ते तो बोलत होता. कुणी म्हणे रस्त्यावरच्या डंपरचा धूर, कुणी म्हणे नजर लागली. सरांनी एक पान उन्हाकडे धरलं आणि मला जवळ बोलावलं.

"हितं बघा. आत."

फोडाच्या आत, पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये, एक चपटी, मळकट अळी सरकत होती. तिच्यामागं काळ्या विष्ठेची रेघ.

"नागअळी," सर म्हणाले. "पानाच्या पोटात बसून खाती. वरून हात घालता येत न्हाई, खालून घालता येत न्हाई. आपन नुसतं बघत बसायचं."

बसले मात्र नाहीत. निंबोळीचा अर्क झाला, तंबाखूचं पाणी झालं, गोमूत्र झालं. पाठीवर पंप घेऊन हा माणूस सुट्टीच्या दिवशी सकाळपासून शिडीवर. औषध पानावरून ओघळून जायचं, अळी आत सुखरूप. तिचा पतंग होतो तो राजगिऱ्याच्या दाण्याएवढा, धड दिसतही नाही. असल्या टिचभरसुद्धा नसलेल्या जिवानं सरांच्या नाकी नऊ आणले. ते वाळत चालले. वर्गावर जाताना हातात पान, जेवताना डब्याशेजारी पान. शिट्टी मारायचे विसरायला लागले आणि मुलं आपली आपणच घोषणा देऊन रांगेनं वर्गात जायची.

संस्थेचे अध्यक्ष काही वाईट माणूस नव्हते. गावचेच बागायतदार, बोलायला रोखठोक. त्या माघात ते शाळेत आले, रस्त्यावरून एक चक्कर मारली आणि म्हणाले, "सर, शोभेची झाडं ही. ती शोभंनात तर ठेवायची कशाला? लोकं मला इचारतेत, शाळेला रोग झालाय का. काढून टाकू, नर्सरीतनं बॉटल पाम आनू. रुबाबदार दिसत्यात."

सर त्यांच्यापुढं हात जोडून उभे राहिले. मी त्यांना कुणापुढं हात जोडताना पहिल्यांदा पाहिलं. "एक पालवी द्या," म्हणाले. "एक चैत्र."

"बरं," अध्यक्ष म्हणाले. "पाडव्याची पालवी चांगली निघाली आन् टिकली, तर झाडं तुमची. न्हाई टिकली तर पावसाच्या आत काढायची. मग मला बोल लावायचा न्हाई."

सर तडक तालुक्याला गेले आणि कृषी खात्यातल्या एका बाईंना घेऊन आले. तरुण मुलगी, कामाला चोख. तिनं वरचं पान नखानं फाडून अळी बघितली, मान डोलावली. मग खाली बघितलं.

"सर, हा पाला किती दिवसांचा?"

"झाडं लावल्यापासनंचा," सर अभिमानानं म्हणाले. "एक पान जाळू दिलं न्हाई."

 तिनं वाकून आळ्यातलं एक वाळलेलं पान उचललं, त्यावरचा फोड अलगद उकलला. आत इवलासा पांढरा कोश होता. दुसरं पान उकललं, त्यातही होता. तिसऱ्यात दोन.

"ही इथं झोपते, सर," ती हळू आवाजात म्हणाली. "पान गळतं, त्याच्याबरोबर ही खाली येते. तुमच्या पाल्यात उबेला राहते. पालवी फुटली की पतंग होऊन वर जाते. एरवी कुणीतरी पाला झाडून टाकतं, पेटवून देतं, निम्म्याहून जास्त मरतात. इथं... इथं त्यांना कुणी हात लावलेला नाही."

 मला त्या पोरीचा राग आला. खरं बोलणाऱ्या माणसाचा येतो तसला, बिनकामाचा राग.

"उपाय?" सरांनी विचारलं.

"सगळा पाला गोळा करून जाळायचा. नाहीतर खोल खड्ड्यात पुरायचा. पालवीच्या आत."

सरांनी आधी पुरायचा प्रयत्न केला. टिकाव घेऊन शाळेमागं खणायला लागले. आमच्याकडे वीतभर मुरूम, त्याखाली कातळ. दिवसभर ठिणग्या उडाल्या, खड्डा काही झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी पाला पटांगणात आणला. एकट्यानं आणला, मुलांना हात लावू दिला नाही. केवढा ढीग झाला! सगळी शाळा व्हरांड्यात उभी होती. सरांकडे काडेपेटी नव्हती, कधी नसायचीच, शिपाईमामांनी दिली. पहिली काडी विझली. दुसरी विझली. वारा नव्हता. तिसरी लागली आणि वाळका पाला तो, भपकन पेटला. आठवीतली एक मुलगी मोठ्यानं रडायला लागली आणि तिच्या पाठोपाठ सगळा वर्ग. सर त्यांच्याकडे वळले नाहीत. मी साडीचा पदर तोंडावर धरला, धुरासाठी म्हणून, पण मलाही रडू आवरत नव्हतं.

पाडव्याला पालवी आली. स्वच्छ! मी रोज थांब्यावर उतरले की आधी पानं उलटीपालटी करून बघायची. एक डाग नाही. सरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. उघड्या आळ्यांतली माती तापत होती म्हणून दोन्ही हातांत बादल्या घेऊन ते पाणी घालत होते, पण गात घालत होते. चहावाल्यानं त्यांना फुकट चहा पाजला. अध्यक्षांनी गाडी थांबवून पाठ थोपटली. जिंकलोच आम्ही, असं मला वाटलं.

फुलं यायच्या सुमारास, थांब्याकडच्या टोकाच्या झाडावर मला चंदेरी डाग दिसला. मग शेजारच्या झाडावर. गावाच्या बाजूनं एकेक झाड पांढरं होत शाळेकडे येत होतं.

कृषीच्या बाई पुन्हा आल्या. "आसपास कुठून तरी पतंग येताहेत," त्या म्हणाल्या. "गावात करंज आहे का कुठं?"

सरांनी माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांच्याकडे. देवा रे! कुठं नव्हता?

त्याच संध्याकाळपासून सर दारोदार फिरायला लागले. मी जामखेडला खोलीवर जायचं सोडून त्यांच्याबरोबर फिरले. अजून उशीर झालेला नव्हता. अंगणातला पाला आत्ता जाळला तर पुढची पिढी तरी थांबेल, असं कृषीच्या बाईंनी सांगितलं होतं. पहिलंच घर शबानाचं. सरांचीच विद्यार्थिनी, आता दोन मुलांची आई, ओसरीवर शिलाई मशीन टाकून बसलेली. सरांना बघून डोक्यावर ओढणी घेत धावत आली, खुर्ची पुसली, पाण्याचा तांब्या आणला. तिच्या दारातला करंज कौलांच्या वर गेलेला. खाली आळं, आळ्यात पाला, बरोबर सरांनी शिकवला तसा.

"शबाना, ह्यो पाला जाळ," सर म्हणाले.

ती हसली. "परीक्षा घेता व्हय सर?"

"न्हाई गं. खरंच सांगतोय. ह्याच्यात अळी हाय."

तिचं हसणं गेलं. तिनं माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे, आणि तिचा चेहरा असा झाला की जणू सरांना कुणी मारलंय आणि त्याचे वळ तिला दिसतायत. "सर, तुमाला कुनी बोलायला लावलं हे? अध्यक्षांनी? झाडं तोडायची हायेत म्हनून तुमच्या तोंडून वदवून घेत्यात ना? मला समदं कळतं. शाळंत पाला पेटवायला लावला तवाच आमी समजलो."

"तसं न्हाई, पोरी..."

"तुमी काळजी करू नका. माझ्या दारातल्या पानाला मी कुनाला हात लावू देनार न्हाई. तुमी आलात तरी न्हाई."

मी बोलले, समजावलं, पान उकलून कोश दाखवला. तिनं बघितलं आणि म्हणाली, "असंल बाई, एखादा किडा असतोच की." सर तिच्यासमोर उभे होते. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, "शाब्बास" म्हणाले आणि चालायला लागले. कोपऱ्यावर वळल्यावर भिंतीला टेकून त्यांनी डोळे पुसले.

प्रत्येक घरी हेच. कुणी तोंडावर नाही म्हणालं, कुणी "व्हय सर, आजच जाळतो" म्हणालं आणि सरांची पाठ वळताच पाला पोत्यांत भरून गोठ्यात, माळ्यावर लपवून ठेवला. सरांची अमानत म्हणून! एका म्हाताऱ्यानं मला कानात सांगितलं, "सरांना म्हनावं घाबरू नका, पाला जपून ठिवलाय. हे वारं गेलं की परत घालू." एवढं प्रेम मी कुठल्या शिक्षकाच्या वाट्याला आलेलं पाहिलं नाही, आणि एवढ्या प्रेमाचा इतका संताप मला कधी आला नाही. जळ्ळी मेली ती माया, असं मी त्या दिवशी जामखेडच्या जीपमध्ये मोठ्यानं बोलले, शेजारची बाई सरकून बसली.

कृषीच्या बाईंनी अध्यक्षांना सांगितलं होतं, या अळीनं झाड मरत नाही, फक्त रूप जातं. अध्यक्ष म्हणाले, "रूपासाठीच ठिवली हुती ना?" त्यांचंही बरोबर. शब्द दिला होता आणि घेतला होता. मृगाच्या आधी यंत्राची करवत आली. सरांना तेव्हा निवृत्त व्हायला काही आठवडे राहिले होते. सुट्टीच होती, मला वाटलं येणार नाहीत, पण ते आले. झाड पडेल त्या बाजूला कुणी मूल जाऊ नये म्हणून दिवसभर उन्हात उभे राहून शिट्टी मारत राहिले. प्रत्येक झाड पडायच्या आधी एक शिट्टी. गावातली माणसं लांब उभी होती, बायका अध्यक्षांच्या नावानं बोटं मोडत होत्या. झाडं आपल्याच दारातल्या पाल्यामुळं गेली, हे त्यांतल्या एकीलाही शेवटपर्यंत कळलं नाही, आणि सरांनी कळू दिलं नाही.

निवृत्तीनंतर मुलानं त्यांना नगरला नेलं. सावेडीला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. दिवाळीला मी माहेरी आले होते तेव्हा गेले भेटायला. वहिनींनी चहा ठेवला. सर खुर्चीत बसले होते, खूप बारीक झालेले, शर्टाची कॉलर मानेभोवती सैल. गॅलरीत एकही कुंडी नव्हती.  आपण समजूत घालतो असं वाटून मी म्हटलं, "सर, शाळेतली गेली, पण गावातली झाडं आहेत की. सगळ्यांच्या दारात. परवाच शबाना भेटली, तिची मुलगी आता आपल्या शाळेत पाचवीला आलीय. कुणी एक पान जाळत नाही, सर. अजून."

 सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "समद्या मास्तरांची पोरं इसरत्यात, बाई. पाढे इसरत्यात, कविता इसरत्यात, मास्तराचं नाव बी इसरत्यात. जल्मभर आपन त्याच नावानं रडतो."

वहिनी कप घेऊन दारात थांबल्या होत्या.

"माझं एकबी इसरलं न्हाई," सर म्हणाले. "एक जरी इसरलं असतं, तरी पुरं हुतं."